चार पावलं चालला म्हणजे ढोंगी नव्हे

लातूरच्या गंजगोलाईत कुणी बॅटरीची तीनचाकी उभी करून दुकानाची पायरी चढला की मागून ऐकू येतंच, "चालता येतंय की याला! फुकटची गाडी लाटली." हा समज साफ चुकीचा आहे. त्याचा हात बघा. पोलिओने कमजोर झालेला गुडघा ऐनवेळी दगा देऊ नये म्हणून तो दर पावलाला मांडी दाबून धरतो. असं चार पावलं जमतं, अख्खा बाजार नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार आहेत. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारासारखे काही तर वरून दिसतही नाहीत. आरक्षणासारख्या लाभांना किमान 40 टक्के अपंगत्व लागतं, आणि ते डॉक्टर तपासून ठरवतात, पारावरची मंडळी नव्हे. चारचौघांत दिव्यांगाचा मुद्दाम पाणउतारा केला, तर याच कायद्याच्या कलम 92 खाली 6 महिने ते 5 वर्षं कैद आहे.