फ्रिज की कूलर? यंत्राला विचारा, 'कशावरून?'

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या घरात गेला की पुढचं वीजबिल हाती येताच आमच्याकडे खटला उभा राहतो. आई म्हणते, "फ्रिज दिवसभर घूं घूं करतो बाप्पा, तोच खातो वीज." माझा संशय कूलरवर. मीटर काही बोलत नाही, ते फक्त एकूण युनिट दाखवतं.

या एकूण आकड्यातून एकेक उपकरण वेगळं काढायची युक्ती अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या जॉर्ज हार्ट यांनी १९८० च्या दशकात मांडली. प्रत्येक उपकरणाची स्वतःची चाल असते. इस्त्री लावली की वापर एकदम हजारभर वॅटनं चढतो आणि ती तापली की तितकाच उतरतो. फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर जोराचा करंट ओढतो, मग १००-१५० वॅटवर बसतो, काही वेळानं थांबतो, पुन्हा सुरू होतो. कूलरच्या मात्र दोन पायऱ्या. आधी पंपाची बारकीशी, कारण कूलरच्या बाजूच्या ताट्या भिजल्याशिवाय आमच्याकडे पंखा लावत नाहीत. चार-पाच मिनिटांनी पंख्याची मोठी, आणि ती रात्रभर उतरत नाही.

या चाली आता मशीन लर्निंगची मॉडेल्स, म्हणजे उदाहरणं पाहून शिकणारे संगणकाचे प्रोग्राम, शिकतात. पण शिकतात कशावरून? संशोधनात खूप वापरला गेलेला 'रेड' हा २०११ सालचा डेटा अमेरिकेतल्या घरांचा. त्यात डिशवॉशर सापडेल, आपला कूलर नाही. अशा मॉडेलला आमच्या कूलरचा पंखा फ्रिज वाटला तर नवल नाही. दोन्हीकडे मोटर, वॅटही जवळपास सारखे. म्हणजे यंत्र आईच्या पक्षात!

इथे 'कशावरून?' हा प्रश्न कामाला येतो. गणितज्ञ लॉइड शेप्ली यांनी १९५३ मध्ये एक गणित मांडलं होतं: अनेकांनी मिळून कमावलं, तर कोणाचा वाटा किती? २०१७ मध्ये लुंडबर्ग आणि ली यांनी 'शॅप' पद्धतीत तेच मॉडेलला लावलं. एखादा पुरावा धरून आणि वगळून उत्तर किती हलतं ते निरनिराळ्या जुळण्यांत पाहायचं आणि सरासरी काढायची. मग दिसेल, की 'फ्रिज' या उत्तरामागे जवळजवळ सगळा भार वॅटच्या आकड्याचा आहे, आणि 'सहा तासांत एकदाही थांबला नाही' हा पुरावा उलट बाजूला ओढत असूनही हरला. एवढं कळलं की दुरुस्ती कुठे करायची तेही कळतं.

अर्थात, मॉडेलनं कशावर भिस्त ठेवली एवढंच शॅप सांगतं. घरात खरंच काय चालू होतं, ते प्लगजवळ जाऊनच बघावं लागतं.

बाकी, मे महिन्यात स्वयंपाकघर इतकं तापतं की कॉम्प्रेसरला उसंत कमी मिळते आणि फ्रिजचाही खर्च वाढतोच. हे मी आईला अजून सांगितलेलं नाही.