शरदातील घरगुती बिअर आणि १९३३ मध्ये राहून गेलेली सवलत

अमेरिकेत सप्टेंबर उजाडला की घरी बिअर बनवणारे भोपळ्याच्या मसालेदार एलच्या (बिअरच्या एका प्रकाराच्या) आणि ताज्या हॉप्सच्या (बिअरला कडवटपणा व सुगंध देणाऱ्या फुलांच्या) बिअरच्या तयारीला लागतात. मार्झेन ही तांबूस बिअर त्याआधीच मुरायला ठेवलेली असते. यांपैकी मार्झेनची परंपरा जर्मनीच्या बव्हेरिया भागातील असून ती १५५३ च्या फर्मानाशी जोडली जाते. उन्हाळ्यात बिअर नासत असल्याने २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात ती बनवण्यास मनाई होती, म्हणून मार्चमध्ये जरा कडक बिअर करून ती थंड तळघरांत शरदापर्यंत पुरवण्याची रीत पडली.

अमेरिकन घरांतील या हंगामावर मात्र दारूबंदीच्या कायद्यांचा ठसा अधिक खोल आहे. १९२० मध्ये बंदी लागू झाली तेव्हा घरी फळांचा रस आणि सायडर (सफरचंदाचे पेय) करण्यास मुभा होती, बिअरला नव्हती. तरीही माल्टच्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या, पाकाचे डबे बेकरीच्या पदार्थांसाठी म्हणून दुकानांत उघडपणे विकले जात आणि त्यांचे पुढे काय होते, हे सर्वांना ठाऊक होते. डिसेंबर १९३३ मध्ये बंदी उठली. कुटुंबप्रमुखाला वर्षाकाठी २०० गॅलन, म्हणजे सुमारे ७५७ लिटर, वाइन करमुक्त बनवता येऊ लागली, पण घरगुती बिअर बेकायदेशीरच राहिली.

असे का झाले, याची एक गोष्ट वारंवार सांगितली जाते: कायद्याचा मसुदा उतरवून घेताना लघुलेखकाकडून ‘बिअर’ हा शब्द गळला. ही गोष्ट सोयीची आहे, पण पटण्याजोगी नाही. फळांचा रस आणि धान्याची बिअर यांत बंदीच्या काळातही भेद केला गेला होता. शिवाय महामंदीत सरकारला महसुलाची निकड होती आणि बिअरवरील कर हे बंदी उठवण्यामागचे एक प्रमुख कारण होते. कमी मद्यांशाच्या बिअरची विक्री तर एप्रिल १९३३ मध्येच सुरू करण्यात आली होती. घरोघरी करमुक्त बिअर होऊ देण्यात सरकारला कोणताही लाभ नव्हता. केवळ नजरचूक असती, तर ती दुरुस्त व्हायला साडेचार दशके लागली नसती.

घरगुती बिअरला मुभा देणारी, ऑक्टोबर १९७८ मध्ये मंजूर झालेली दुरुस्ती १ फेब्रुवारी १९७९ पासून अमलात आली. एका प्रौढाच्या घरात वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा अधिक प्रौढ असल्यास २०० गॅलन, आणि विक्री नाही, अशी मर्यादा ठरली. त्यानंतर घरगुती प्रयोगांना उघड वाट मिळाली आणि त्यांतून अनुभव घेतलेल्या अनेकांनी छोट्या ब्रुअरी काढल्या.

भोपळ्याची बिअर वसाहतकाळात माल्टच्या टंचाईपोटी होत असे. दालचिनी, जायफळ आणि लवंग घातलेला तिचा आजचा अवतार मात्र १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियातील हेवर्ड येथील एका ब्रूपबमधून (स्वतःची बिअर बनवणाऱ्या पबमधून) पसरला. घरी भोपळा ओव्हनमध्ये कडा तांबूस होईपर्यंत भाजतात आणि त्याचा गर माल्टबरोबर ६५ ते ६८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवतात, कारण त्यातील स्टार्चची साखर माल्टमधील विकरांमुळेच होते. गर चिकट असल्याने गाळणी तुंबते, म्हणून त्यात भाताचे तूस मिसळतात. चव मुख्यतः मसाल्याचीच लागते, हे मान्य करायला हवे. ताज्या हॉप्सचे तंत्र याहून घाईचे आहे: वॉशिंग्टन राज्यातील याकिमा खोऱ्यातील तोडणीनंतर शक्यतो २४ तासांत ते वापरावे लागतात, आणि त्यांत पाणी भरपूर असल्याने वाळलेल्या हॉप्सच्या चार-पाच पट वजनाचे घ्यावे लागतात.

१९७८ च्या दुरुस्तीने देशपातळीवरील अडथळा दूर झाला, तरी दारूविषयक अंतिम अधिकार राज्यांकडेच होता. मिसिसिपी आणि अलाबामा या राज्यांनी सर्वांत शेवटी परवानगी दिली. तेथील घरगुती बिअरचा पहिला कायदेशीर शरद २०१३ चा होता.