वेदना, दीर्घकालीन : रोगप्रतिकार यंत्रणेचा सहभाग

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणारी किंवा पुन्हापुन्हा उद्भवणारी वेदना दीर्घकालीन मानतात. लाली, सूज, उष्णता व वेदना ही दाहाची चार लक्षणे रोमन ग्रंथकार केल्सस याने इ. स. पहिल्या शतकात एकत्र नोंदवली. दाह ओसरल्यावरही वेदना का उरते, हा प्रश्न मात्र बराच काळ केवळ मज्जातंतूंचा समजला जाई.

इजेच्या जागी मास्ट पेशी, न्यूट्रोफिल व मॅक्रोफेज या प्रतिकारपेशी जमतात. त्यांनी सोडलेली टीएनएफ, इंटरल्यूकिन-१ बीटा, प्रोस्टाग्लँडिन यांसारखी द्रव्ये वेदनाग्राही तंतूंना हळवे करतात. मग अंगावरच्या कपड्याचा स्पर्शही झोंबतो.

मज्जारज्जूत हे काम मायक्रोग्लिया या मेंदू व मज्जारज्जूतील प्रतिकारपेशींकडे जाते. रिओ-होर्तेगा या स्पॅनिश शास्त्रज्ञाने १९१९ मध्ये त्यांना वेगळे ओळखले व त्या भ्रूणाच्या मध्यस्तरातून (रक्तपेशी ज्यातून घडतात त्या थरातून) येतात असे मांडले. पुढे काहींनी त्यांचा उगम मज्जापेशींप्रमाणेच (न्यूरॉनप्रमाणेच) भ्रूणाच्या बाह्यस्तरात, तर काहींनी रक्तातील मोनोसाइट या पांढऱ्या पेशींमध्ये शोधला. २०१० मध्ये उंदरांत पेशींच्या वंशाचा जो माग काढला गेला तो पाहता त्या भ्रूणाच्या पीतक-कोशातून येतात, हे मत आता अधिक ग्राह्य दिसते. पीतक-कोशातील या मूळ पेशी मध्यस्तरातीलच असल्याने रिओ-होर्तेगाचा अंदाज फारसा चुकला नव्हता. मज्जातंतूला इजा झाली की मायक्रोग्लियांवर पी२एक्स४ हे संदेश टिपणारे ग्राही वाढतात (२००३) व त्या बीडीएनएफ हे प्रथिन सोडतात (२००५). त्यामुळे मज्जापेशींतील क्लोराइडचा तोल बिघडतो आणि वेदनेला आवर घालणारे गाबा या रासायनिक संदेशवाहकाचे संदेश निष्प्रभ ठरतात, क्वचित उलट उत्तेजकही होतात. हे प्रयोग मुख्यत्वे नर उंदीर-घुशींवर झाले होते. मादी उंदरांत हेच काम टी पेशी (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) करत असाव्यात, असे २०१५ मध्ये दिसून आले. माणसांतील पुरावा तुलनेने तुटपुंजा आहे.

प्रतिकारपेशी वेदना शमवतातही. कंबरदुखीच्या ज्या रुग्णांत सुरुवातीला न्यूट्रोफिल अधिक सक्रिय होते, त्यांची वेदना जुनाट होण्याचे टळले, असे २०२२ च्या एका अभ्यासात आढळले. उंदरांना आरंभीच डेक्सामेथासोन वा डायक्लोफिनॅक ही दाहशामक औषधे दिल्यास वेदना लांबली. यावरून रुग्णांची औषधे थांबवावीत असे सुचवणे घाईचे होईल.

फायब्रोमायाल्जिया या अंगभर दीर्घकाळ दुखणाऱ्या विकाराच्या रुग्णांची प्रतिपिंडे टोचलेल्या उंदरांतही वेदनेचा हळवेपणा येतो (२०२१). संधिवातात टीएनएफरोधक औषधे उपयोगी पडतात. ती दिल्यावर वेदनेशी निगडित मेंदूतील हालचाल सांध्याची सूज उतरण्याआधीच, २४ तासांत मंदावल्याची नोंद आहे. एनजीएफ या वृद्धिघटकाला रोखणारे टॅनेझुमॅब हे वेदनाशामक औषध मात्र सांध्यांची झीज झपाट्याने वाढवू शकते असे दिसल्याने मागे पडले.