सुईण व जन्मनोंद (नागपूर जिल्हा)

विसाव्या शतकाच्या आरंभी नागपुरात, तसेच उमरेड, काटोल, रामटेक अशा कसब्यांत बाळंतपण घरीच होई आणि ते सुईण करी. इकडे तिला दाई म्हणतात. मुलगा की मुलगी, वार पडली की नाही, मूल रडले की नाही, हे सगळ्यांत आधी तिला कळे. पण बहुतेकींना लिहिता येत नसे. स्वतःची वही ठेवणारी सुईण असलीच तर इस्पितळात शिकून आलेली, आणि अशा थोड्याच. दायांच्या शिक्षणासाठी १९०३ साली लेडी कर्झन यांच्या पुढाकाराने व्हिक्टोरिया स्मृती शिष्यवृत्ती निधी निघाला, तरी खेड्यातली दाई सासूकडून किंवा आईकडूनच शिकत राहिली.

कागदावर नोंद चढे ती कोतवालाच्या पुस्तकात. मध्यप्रांतात (नागपूर तेव्हा याच ब्रिटिश प्रांतात होते) गावचा कोतवाल (हिंदी मुलखात कोटवार) जन्म-मृत्यू पोलीस ठाण्याला कळवी. विदर्भात आज ज्याला ‘कोतवाल बुक’ किंवा ‘कोतवाल पंजी’ म्हणतात ते हेच. नक्कल तहसील कार्यालयातून मिळते. १८८६ चा नोंदणी कायदा होता, पण तो ऐच्छिक.

नोंद त्रोटक असे : तारीख, बापाचे नाव, जात, मुलगा की मुलगी. बारशाआधीच नोंद पडल्याने मुलाचे नाव बहुधा नसतेच; ‘अमक्यास मुलगा झाला’ एवढ्यावर काम भागे. त्या अमक्याला चार मुलगे असतील तर हा कितवा, हे नातवंडांनी शोधत बसायचे. सुईणीचा उल्लेख नाही. घरात मात्र जन्म वेगळ्याच खुणांनी लक्षात राही : मानमोडीच्या साली (१९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ), मारबतीच्या (नागपुरातल्या पुतळ्यांच्या मिरवणुकीच्या) दिवशी. ही दुसरी खूण वाटते तितकी ढोबळ नाही. मारबत पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघते, म्हणजे साल कळले की जुन्या पंचांगावरून नेमकी तारीख काढता येते.

या पुस्तकांना आज भाव आहे तो जातीच्या रकान्यामुळे. जात पडताळणीत अनुसूचित जातींसाठी १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी १९६१ आणि इतर मागासवर्गीयांसाठी १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. नागपूरच्या विणकर वस्त्यांत तर हा रकाना जिव्हाळ्याचा. अनुसूचित जमातींच्या यादीतल्या ‘हलबा’मध्ये ‘हलबा कोष्टी’ (कोष्टी म्हणजे विणकर) वाचता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००० साली दिला. तेव्हापासून पणजोबांच्या नोंदीत ‘कोष्टी’ निघाले की अर्जदाराची वाट अवघड होते. लिहिणाऱ्याने त्या वेळी धंदा लिहिला की जात, हा वाद आजही घातला जातो.

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ महाराष्ट्रात १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. त्याच्या कलम १० ने जन्म कळवण्याची जबाबदारी प्रसूतीच्या वेळी हजर असलेल्या सुईणीवरही टाकली. बिननावाची नोंद मात्र राहिली : कलम १४ नुसार मुलाचे नाव मागाहून भरता येते, बारा महिन्यांच्या आत शुल्काविना.