व्यायामातील कॅलरी-खर्च : मोजणी व अंदाज

चालणे, धावणे, पोहणे, वजने उचलणे अशा श्रमांत शरीर किती ऊर्जा वापरते याचा हिशेब. बोलण्यात जिला आपण कॅलरी म्हणतो ती शास्त्राच्या भाषेत किलोकॅलरी असते (४.१८४ किलोज्यूल), या नोंदीतही कॅलरी हा शब्द त्याच अर्थाने आहे. प्रयोगशाळेबाहेर हा खर्च सहसा कोणी मोजत नाही. मोजतात ते वेळ, अंतर, वजन किंवा नाडीचे ठोके, आणि त्यावरून सूत्राने आकडा काढतात. ट्रेडमिलच्या पडद्यावर ‘३१२’ उमटले की तो शेवटचा २ खरा वाटतो, तसा तो नसतो.

प्रत्यक्ष मोजणी ऑक्सिजनवरून होते. नाकातोंडावर मुखवटा बसवून आत घेतलेला ऑक्सिजन आणि बाहेर सोडलेला कार्बन डायऑक्साइड मोजतात. एक लिटर ऑक्सिजन वापरला गेला की चरबी जळत असल्यास सुमारे ४.७ आणि कर्बोदके जळत असल्यास सुमारे ५ कॅलरी मोकळ्या होतात. व्यवहारात सरळ ५ धरतात. दोन्ही वायूंवरून ऊर्जा काढण्याचे वीर (Weir) या संशोधकाचे १९४९ मधले सूत्र आजही वापरात आहे. दुसरी पद्धत दुहेरी खुणेच्या पाण्याची : ड्युटेरियम आणि ऑक्सिजन-१८ असलेले पाणी पाजून पुढचे एक-दोन आठवडे लघवीचे नमुने तपासतात. तिने त्या काळातला एकूण खर्च चांगला कळतो, पण मंगळवारच्या पाऊण तासाच्या पोहण्यात किती गेले हे कळत नाही.

बाकी सगळीकडे चालतो तो मेट. स्वस्थ बसलेल्या माणसाचा खर्च म्हणजे १ मेट : दर किलो वजनामागे मिनिटाला ३.५ मिलिलिटर ऑक्सिजन, म्हणजेच ताशी साधारण १ कॅलरी. निरनिराळ्या हालचालींच्या मेटची मोठी सूची अमेरिकेत १९९३ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली आणि नंतर वेळोवेळी सुधारली गेली. तिच्या २०११ च्या आवृत्तीत ताशी ५ किमी चालणे ३.५, ताशी ८ किमी धावणे ८.३, हठयोग २.५ आणि सूर्यनमस्कार ३.३ असे आकडे आहेत. सूर्यनमस्कार संथ घातले की झपाझप, यावर मात्र खर्च बराच बदलतो. मेट × वजन × तास, एवढाच गुणाकार.

घोळ इथूनच सुरू होतो. ६० किलोची व्यक्ती ताशी ५ किमी वेगाने ४५ मिनिटे चालली, तर ३.५ × ६० × ०.७५ = १५७ कॅलरी. पण ती त्या वेळात सोफ्यावर बसली असती तरी ४५ कॅलरी गेल्याच असत्या. चालण्याने जादा गेल्या त्या ११२. पहिला आकडा एकूण, दुसरा निव्वळ. यंत्रे आणि अ‍ॅप बहुधा एकूण आकडा दाखवतात. आहाराच्या हिशेबाला निव्वळच लागतो. व्यायाम जितका सौम्य, तितकी ही फुगवट टक्केवारीने मोठी : वर चालण्यात ती ४० टक्के आहे, जोरात धावण्यात १५ टक्क्यांच्या आत.

शिवाय ३.५ मिलिलिटर हा पायाच थोडा उंच आहे. २००५ मध्ये ७६९ जणांची प्रत्यक्ष मोजणी झाली तेव्हा विश्रांतीतली सरासरी २.६ च्या आसपास निघाली. वजन तेच असून अंगात स्नायू कमी आणि चरबी जास्त असेल, वय झाले असेल, तर ती आणखी खाली जाते. पाश्चात्त्य माणसांवरून बांधलेली विश्रांतीच्या खर्चाची सूत्रे भारतीयांना लावली की आकडा जास्त येतो, हे आपल्याकडच्या पोषणतज्ज्ञांनी केव्हाच ओळखले आहे.

रोजच्या वापराला अंतराचे ठोकताळे मेटपेक्षा बरे, कारण ते मुळात निव्वळ आहेत. सपाटीवर धावताना दर किलो वजनामागे दर किलोमीटरला १ कॅलरी, चालताना अर्धी. धावण्याचा वेग वाढवला तरी किलोमीटरचा भाव जवळजवळ तोच राहतो, फक्त तो लवकर संपतो. चालण्याचा ठोकताळा ताशी ६ किमीपर्यंत धरावा. त्यापुढे चालणे महाग होत जाते आणि ताशी ७-८ किमीला ते धावण्याइतकेच पडते. वरच्या व्यक्तीचे ३.७५ किमी × ६० × ०.५ = ११२, म्हणजे दोन्ही वाटांनी उत्तर तेच.

चढ असेल तर उंची वेगळी धरावी : दर किलोमागे दर मीटर उंचीला सुमारे १.८ मिलिलिटर ऑक्सिजन. सिंहगडाची पायवाट साधारण ६०० मीटर चढते. पाठपिशवीसह ७० किलोच्या माणसाला त्यासाठी ७५ लिटर ऑक्सिजन, म्हणजे ३७५ कॅलरी लागतात. अडीच-तीन किलोमीटर वाटेच्या आणखी शंभरेक. गडावरचे पिठले-भाकरी, कांदाभजी आणि मडक्यातले दही हा हिशेब आरामात उलटा फिरवतात.

सायकलला शक्तिमापक लावलेला असेल तर इतका भरवशाचा आकडा मुखवट्याशिवाय दुसरीकडे मिळत नाही. १५० वॉटने तासभर पेडल मारले की ५४० किलोज्यूल काम होते. स्नायूंची कार्यक्षमता २० ते २५ टक्के असल्याने शरीराने त्याच्या चौपटीहून थोडी जास्त ऊर्जा जाळलेली असते, आणि एक कॅलरीही किलोज्यूलच्या जवळपास चौपट. दोन्ही चौपटी कटतात, म्हणून किलोज्यूलचा आकडा तसाच कॅलरी म्हणून वाचला तरी चालतो.

मनगटी घड्याळे नाडीवरून अंदाज बांधतात. एकसारख्या धावण्यात नाडी आणि ऑक्सिजन बरोबर चढतात, पण उकाडा, कॉफी, अपुरी झोप किंवा पाण्याची कमतरता असली की ठोके वाढतात, ऑक्सिजन तेवढा वाढत नाही. नाडी मंदावणाऱ्या बीटा-ब्लॉकर गोळ्या घेणाऱ्यांत उलटे होते. वजने उचलताना श्वास रोखला की नाडी उडते आणि घड्याळ उदार होते. स्टॅनफर्ड विद्यापीठात २०१७ मध्ये सात मनगटी यंत्रे ६० जणांवर तपासली. सहांची नाडी ५ टक्क्यांच्या चुकीत बसली, पण कॅलरीत सर्वांत अचूक यंत्रही सरासरी २७ टक्के चुकले आणि सर्वांत वाईट ९३ टक्के. ट्रेडमिलवर चुकायची कारणे साधी आहेत : वजन न भरणे आणि कठडा धरून चालणे. चढ १० ठेवून कठड्याला लटकले की यंत्र चढाचे पैसे लावते, पाय ते भरत नाहीत.

व्यायामानंतरही काही काळ ऑक्सिजन जादा लागतो, त्याची जाहिरात फार होते. जोरदार व्यायामातही हा भाग त्या व्यायामाच्या खर्चाच्या ६ ते १५ टक्केच असतो.

निव्वळ आकडाही दिवसाच्या एकूण खर्चात पूर्ण मिळवला जातोच असे नाही. मानवशास्त्रज्ञ हर्मन पाँट्झर आणि सहकाऱ्यांनी टांझानियातल्या हाड्झा या शिकार-संकलन करणाऱ्या लोकांचा खर्च दुहेरी खुणेच्या पाण्याने मोजला (२०१२). शरीराचे आकारमान लक्षात घेता तो शहरी पाश्चात्त्यांपेक्षा फारसा वेगळा निघाला नाही. शरीर दुसरीकडे काटकसर करते, असे त्यांचे म्हणणे. ती किती, यावर वाद आहे.

आहार नोंदवणाऱ्या अ‍ॅपमध्ये ‘मध्यम सक्रिय’ निवडले की विश्रांतीचा खर्च १.५५ ने गुणला जातो आणि व्यायाम त्यात आधीच धरलेला असतो. त्यावर घड्याळाचा आकडा पुन्हा मिळवला तर तोच व्यायाम दोनदा मोजला जातो. म्हणून एकतर ‘बैठे काम’ निवडून निव्वळ खर्च स्वतः मिळवावा, नाहीतर गुणकावर थांबून घड्याळाची जोडणी बंद ठेवावी.