विज्ञान दीन

गेल्या फेब्रुवारीत माझा एक लेख छापून आला. मथळा होता, ‘राष्ट्रीय विज्ञान दीन’. पाठवण्याआधी मी तो पाच वेळा वाचला होता. रंकाळ्यावरच्या चहावाल्याने पेपरची घडी माझ्यापुढे सरकवली आणि विचारलं, “काय ओ सर, विज्ञान दीन झालं व्हय?”

त्याला एका नजरेत दिसलं ते मला पाच वाचनांत दिसलं नाही. घरचे म्हणाले, लक्ष नव्हतं. पण लक्ष होतं, तीच तर गंमत आहे.

त्याच आठवड्यात व्हॉट्सॲपवर तो जुना मेसेज पुन्हा फिरत आला: केंब्रिज विद्यापीठाचं संशोधन सांगतं, शब्दाचं पहिलं आणि शेवटचं अक्षर जागेवर असलं की मधली कशीही लावा, वाचता येतं. केंब्रिजमध्ये असं संशोधन झालेलं नाही. अक्षरांच्या अदलाबदलीवर ग्रॅहम रॉलिन्सन यांनी १९७६ साली नॉटिंगहॅम विद्यापीठात प्रबंध लिहिला होता. आणि ‘कशीही’ हेही खोटं, वाचायचा वेग चांगलाच पडतो. तरी मेसेजच्या मुळाशी एक खरी गोष्ट आहे. आपण छापलेलं सगळं वाचत नाही.

ओळीवरून डोळा सरकत नाही, उड्या मारतो. पॅरिसचे नेत्रतज्ज्ञ एमिल जावाल यांच्या प्रयोगशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच हे लक्षात आलं होतं. एक उडी सेकंदाच्या तीस-चाळिसाव्या भागाची, मग सुमारे पाव सेकंदाचा थांबा. उडीच्या वेळी मेंदू दृष्टीवर जणू पडदा टाकतो. आरशासमोर उभे राहा, आधी आपला डावा डोळा बघा, मग उजवा. डोळे हललेले तुम्हाला दिसणार नाहीत. शेजारी उभ्या असलेल्याला मात्र स्पष्ट दिसतील.

थांब्यातही फार काही हाती लागत नाही. शाळेत शिकलेला, डोळ्याच्या आतल्या पडद्यावरचा पीतबिंदू आठवा. त्याच्या मध्यावर एक खळगा असतो, फोव्हिया. तिथे बारकावे टिपणाऱ्या शंकुपेशींची दाटी असते आणि लख्ख दिसतं ते तेवढ्यापुरतंच. हात लांब करून अंगठ्याचं नख धरा, साधारण तेवढा तुकडा. बाकी दृश्य धूसर असतं.

मग बाकीच्या ओळीचं काय? १९७५ साली मॅकॉन्की आणि रेनर या मानसशास्त्रज्ञांनी त्यासाठी एक झकास प्रयोग केला. पडद्यावर मजकूर, समोर वाचणारा, आणि त्याची नजर कुठे आहे ते क्षणोक्षणी टिपणारं यंत्र. नजर जिथे असेल तिथली थोडी अक्षरं खरी ठेवायची, बाकी सगळीकडे निरर्थक ‘एक्स’. नजर हलली की खऱ्या अक्षरांची ही खिडकीही हलणार. खिडकी पुरेशी मोठी असली तर वाचन नेहमीच्या वेगाने चालायचं. अशा प्रयोगांतून पुढे मोजमाप मिळालं: इंग्रजी वाचताना डावीकडे तीन-चार आणि उजवीकडे चौदा-पंधरा अक्षरं पुरतात. हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात, तिथे खिडकीची मोठी बाजू डावीकडे जाते. म्हणजे ही खिडकी डोळ्याच्या रचनेतून आलेली नाही, वाचायच्या सवयीतून आली आहे. तिच्या कडेला मेंदू पुढच्या शब्दाची लांबी आणि सुरुवात चाचपतो. शब्द छोटा किंवा अपेक्षित असला, तर डोळा तिथे उतरतच नाही.

या उड्यांचं सुकाणू मध्यमेंदूतल्या सुपिरिअर कॉलिक्युलस नावाच्या दोन उंचवट्यांकडे असतं. ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’च्या नावाखाली डोळ्यांवर पट्टी बांधून मुलांना वाचायला लावणाऱ्यांनी भरपूर फी घेतली. मध्यमेंदूचा वाचनाशी संबंध आहेच, पण तो उघड्या डोळ्यांना दिशा द्यायचा. पट्टीखालून, नाकाच्या कडेच्या फटीतून दिसतं, हे काही गूढ नाही.

आता स्वतःच्या लेखाकडे. तो मीच लिहिलेला, त्यामुळे पुढचा प्रत्येक शब्द मला अपेक्षितच. ‘विज्ञान’ दिसलं की ‘दिन’ डोक्यात तयार असतो. कागदावरची वेलांटी विचारतो कोण?

निरीक्षणातही हेच होतं. रोज सकाळी रंकाळ्याच्या काठी बसून मी वहीत एक नोंद करतो. एकदा लिहिलं, ‘जलपर्णीवर पांढरा बगळा’. मग तो उडून पुन्हा बसला तेव्हा नीट बघितलं. वंचक होता, बसलेला मातकट तपकिरी. पांढरे दिसतात ते उडतानाचे पंख. ‘बगळा’ म्हटल्यावर पांढरा रंग माझ्या डोक्यानेच भरला होता. तेव्हापासून नोंद लिहिली की मान वर करून पुन्हा बघतो. बरेचदा काहीतरी खोडावं लागतं.

मजकूर तपासताना डोळ्याला तो अनोळखी वाटावा लागतो. म्हणून रात्र मध्ये जाऊ देतो, टाइप बदलून प्रिंट काढतो. मोठ्याने वाचल्यावर ‘आणि आणि’ किंवा सुटलेलं क्रियापद सापडतं. पण कानाचा ऱ्हस्व-दीर्घाला उपयोग नाही. बोलताना ‘दिन’ आणि ‘दीन’ यांत आपण फारसा फरक करतोच कुठे? त्यासाठी शेवटच्या वाक्यापासून उलटं वाचतो. संदर्भ तुटला की अंदाज थांबतो. काम कंटाळवाणं आहे, करवीर नगर वाचन मंदिरातून आणलेलं पुस्तक शेजारी वाट बघत असताना तर फारच.

हा लेखही काल रात्री तसाच उलटा वाचला. पहिल्याच परिच्छेदात ‘रकाळ्यावरच्या’ सापडलं. रोज ज्याच्या काठावर बसतो, त्याचाच अनुस्वार गायब.