अंतर्गत गुणवत्ता ऑडिट: नियोजन, ऑडिटरची पात्रता, कागदपत्रे आणि प्रत्यक्ष प्रक्रिया

गुणवत्ता व्यवस्थापनाच्या आयएसओ ९००१ या आंतरराष्ट्रीय मानकाचे प्रमाणपत्र घेतलेल्या किंवा घेऊ पाहणाऱ्या प्रत्येक आस्थापनेला स्वतःच्या कामाचे अंतर्गत ऑडिट करावेच लागते. या मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीत कलम ९.२ त्यासाठीच आहे, आणि प्रमाणपत्र देणारी संस्था पहिल्या टप्प्याच्या तपासणीतच अंतर्गत ऑडिट व व्यवस्थापन आढावा (वरिष्ठ व्यवस्थापनाने घेतलेला गुणवत्ता व्यवस्थेचा आढावा) यांचे नियोजन आणि अंमलबजावणी कितपत झाली आहे, हे पाहते. ज्या व्यवस्थापकावर ही जबाबदारी नव्याने आली असेल त्याला कोणती पावले कोणत्या क्रमाने उचलावी लागतात, ऑडिटर म्हणून कोणाला नेमता येते आणि फाइलमध्ये कोणते कागद असले पाहिजेत, याची माहिती येथे दिली आहे.

आधी हे स्पष्ट असावे की अंतर्गत ऑडिटला दोन प्रश्नांची उत्तरे द्यायची असतात. एक, आस्थापनेने स्वतः ठरवलेले नियम आणि मानकाच्या अपेक्षा यांच्याशी काम जुळते का. आणि दोन, ही व्यवस्था परिणामकारकपणे राबवली व टिकवली जाते का. दुसरा प्रश्न नेहमी मागे पडतो, कारण पहिल्याचे उत्तर कागद पाहून मिळते आणि दुसऱ्यासाठी कामाच्या जागी उभे राहावे लागते.

वार्षिक कार्यक्रम आखताना

ऑडिट वर्षातून किती वेळा करावे, याचा आकडा मानकात दिलेला नाही. ते ‘नियोजित कालांतराने’ करावे एवढेच म्हटले आहे, आणि वारंवारता ठरवताना तीन गोष्टी विचारात घेण्यास सांगितले आहे: प्रक्रियेचे महत्त्व, आस्थापनेवर परिणाम करणारे बदल आणि मागील ऑडिटचे निष्कर्ष. तरीही पुष्कळ ठिकाणी सर्व विभागांना सारखाच वेळ देणारा तक्ता दरवर्षी नुसत्या तारखा बदलून पुन्हा वापरला जातो. अशा तक्त्यामागे कोणताही विचार नसतो, हे अनुभवी बाह्य ऑडिटरच्या पहिल्या दहा मिनिटांत लक्षात येते. ज्या विभागात नवीन यंत्र बसले, पर्यवेक्षक बदलला, ग्राहकांच्या तक्रारी वाढल्या किंवा मागच्या वेळी गंभीर त्रुटी निघाली, तिथे सहा महिन्यांत दोनदा जावे. जिथे काम वर्षानुवर्षे स्थिर आहे, तिथे वर्षातून एकदा जाणे पुरेसे होऊ शकते. हा निर्णय ज्या कारणाने घेतला ते कारण कार्यक्रमाच्या तक्त्यातच एका ओळीत लिहून ठेवावे. काही क्षेत्रांत मात्र जादा बंधने असतात. उदाहरणार्थ, वाहन उद्योगासाठीच्या आयएटीएफ १६९४९ मध्ये गुणवत्ता व्यवस्थेच्या सर्व प्रक्रियांचे ऑडिट तीन वर्षांच्या चक्रात पूर्ण करावे लागते, आणि त्याशिवाय उत्पादन प्रक्रियेचे व उत्पादनाचे ऑडिट वेगळे असते.

कार्यक्रम वर्षाचा असतो, तर ऑडिट प्लॅन एकेका ऑडिटचा. प्लॅनमध्ये ऑडिटची व्याप्ती, निकष, तारीख व वेळ, ऑडिटरचे नाव आणि संबंधित विभागप्रमुख यांचा उल्लेख हवा. निकष म्हणजे ज्याच्याशी प्रत्यक्ष काम ताडून पाहायचे ते: मानकाचे कलम, आपली कार्यपद्धती, ग्राहकाची अट किंवा लागू असलेला कायदा. प्लॅन विभागाला पुरेसा आधी पाठवावा, कारण अचानक धाड घालून माणसे घाबरतात आणि माहिती दडवतात.

ऑडिटर कोण होऊ शकतो

आयएसओ ९००१ नुसार अंतर्गत ऑडिटरकडे एखाद्या विशिष्ट संस्थेचे प्रमाणपत्र असलेच पाहिजे, असे बंधन नाही. कलम ७.२ नुसार शिक्षण, प्रशिक्षण किंवा अनुभव यांच्या आधारे तो सक्षम असावा आणि त्या सक्षमतेचा लेखी पुरावा आस्थापनेकडे असावा. ग्राहकाच्या करारात किंवा क्षेत्रीय मानकात अधिक अपेक्षा असतील तर त्या लागू होतात. ऑडिट कसे करावे याची मार्गदर्शक तत्त्वे देणारे आयएसओ १९०११ हे मानक आहे. त्याच्या २०१८ च्या आवृत्तीत सात तत्त्वे दिली आहेत: सचोटी, वस्तुनिष्ठ सादरीकरण, व्यावसायिक दक्षता, गोपनीयता, स्वातंत्र्य, पुराव्यावर आधारित दृष्टिकोन आणि जोखमीवर आधारित दृष्टिकोन. हे मार्गदर्शक आहे, त्यावर प्रमाणपत्र मिळत नाही.

निःपक्षपातीपणाची अट सर्वांत जास्त अडचणीची ठरते. स्वतःच्या कामाचे ऑडिट स्वतः करू नये, हे सगळ्यांना ठाऊक असते. पण छोट्या आस्थापनेत ऑडिटची सगळी सूत्रे गुणवत्ता व्यवस्थापकाच्याच हातात असल्याने दस्तऐवज नियंत्रण, तक्रार निवारण आणि खुद्द अंतर्गत ऑडिटची प्रक्रिया यांचे ऑडिट कोण करणार, हा प्रश्न मागे राहतो. त्यासाठी खरेदी किंवा देखभाल विभागातील एखाद्या प्रशिक्षित सहकाऱ्याला नेमावे, किंवा बाहेरचा ऑडिटर बोलवावा. दोघांपैकी सहकारी मला अधिक योग्य वाटतो, कारण दुसऱ्या विभागाचे काम पाहिलेला माणूस परत जाऊन स्वतःच्या विभागाकडेही वेगळ्या नजरेने पाहतो.

प्रत्यक्ष ऑडिट

सुरुवातीच्या बैठकीत व्याप्ती, पद्धत आणि वेळापत्रक सांगावे. याला दहा मिनिटे पुरतात. त्यानंतर चेकलिस्ट हातात असावी, पण तिच्या ओळींमागे धावू नये. एखादी पूर्ण झालेली ऑर्डर घेऊन ग्राहकाच्या मागणीपासून खरेदी, आवक तपासणी, उत्पादन, अंतिम तपासणी आणि पाठवणी असा तिचा माग काढला, तर विभागांच्या सीमेवर होणाऱ्या चुका दिसतात. विभागवार प्रश्नावलीत त्या दिसत नाहीत. नमुने ऑडिटरने स्वतः निवडावेत, विभागाने पुढे केलेली फाइल हीच नमुना मानू नये. आणि जे काम पाहिले, त्याचा कार्यादेश क्रमांक, दस्तऐवजाची आवृत्ती, तारीख हे सगळे तिथल्या तिथे टिपावे.

समजा, तपासणीच्या टेबलावर एक व्हर्नियर कॅलिपर वापरात आहे आणि त्यावरच्या कॅलिब्रेशनच्या (साधनाची अचूकता प्रमाणित मापाशी ताडून पाहण्याच्या) लेबलाची मुदत उलटून गेली आहे. पुष्कळ ऑडिट अहवालांत याची नोंद ‘मोजमाप साधनांची काळजी नीट घेतली जात नाही’ अशी होते. या वाक्यावरून पुढे कोणालाच काही करता येत नाही. एनसी (नॉन-कन्फॉर्मिटी, म्हणजे अपेक्षेशी न जुळणाऱ्या बाबीची नोंद) लिहिताना तिचे तीन भाग असावेत: अपेक्षा काय होती, पुरावा काय सापडला आणि त्यातून कोणती तफावत सिद्ध होते. म्हणजे नोंद अशी होईल: ‘कलम ७.१.५.२ नुसार मोजमापाची साधने ठरलेल्या कालांतराने कॅलिब्रेट केलेली असावीत. अंतिम तपासणी टेबलावरील अमुक क्रमांकाच्या कॅलिपरच्या कॅलिब्रेशनची मुदत अमुक तारखेला संपली असून त्यानंतर अमुक बॅचची तपासणी त्याच साधनाने झाल्याचे तपासणी नोंदीवरून दिसते. म्हणून कॅलिब्रेशनचे ठरलेले वेळापत्रक पाळले गेलेले नाही.’ यात व्यक्तीचे नाव नाही, दोषारोप नाही, आणि विभागाला नेमके कुठे पाहायचे ते कळते. कॅलिब्रेशनमध्ये ते साधन सदोष निघाले, तर त्याने आधी घेतलेली मापे ग्राह्य राहतात का, हेही तपासण्याची जबाबदारी त्याच कलमाने आस्थापनेवर टाकली आहे. म्हणजे साधन लॅबकडे पाठवले की विषय संपला, असे होत नाही.

शेवटच्या बैठकीत सर्व एनसी वाचून दाखवाव्यात आणि विभागप्रमुखाला पुरावा मान्य आहे का, हे विचारावे. मतभेद असल्यास तो मिटवण्याचा प्रयत्न करावा आणि न मिटल्यास तसे नोंदवावे.

एनसी बंद करणे

करेक्शन आणि करेक्टिव्ह अ‍ॅक्शन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॅलिपर बदलणे ही पहिली. मुदत संपण्याआधी ती कोणाच्याच लक्षात का आली नाही, याचे कारण शोधून ते दूर करणे ही दुसरी. कारणाच्या रकान्यात ‘कर्मचाऱ्याचे दुर्लक्ष’ आणि कारवाईच्या रकान्यात ‘पुन्हा प्रशिक्षण दिले’ असे लिहून आलेला फॉर्म व्यवस्थापकाने परत पाठवावा. नवीन साधन यादीत चढवण्याची जबाबदारी कोणाची, हे ठरलेलेच नव्हते, असे कारण निघेपर्यंत प्रश्न विचारत राहावे. कारवाई किती दिवसांत करायची याबाबत मानक ‘विनाविलंब’ असे म्हणते, दिवस सांगत नाही. मुदत आपल्या कार्यपद्धतीत आपणच लिहायची आणि पाळायची. त्यानंतर काही आठवड्यांनी, नवीन पुरावा पाहून कारवाई परिणामकारक ठरली की नाही हे तपासावे आणि मगच ती एनसी बंद करावी. नुसते आश्वासन मिळाले म्हणून ती बंद करू नये.

फाइलमध्ये ठेवायची कागदपत्रे

मंजूर वार्षिक कार्यक्रम, प्रत्येक ऑडिटचा प्लॅन, ऑडिटरच्या सक्षमतेच्या नोंदी, पुराव्यांसह भरलेली चेकलिस्ट, ऑडिट अहवाल, एनसी फॉर्म व त्यांच्या कारवाईचे पुरावे आणि अहवाल संबंधित व्यवस्थापनाला दिल्याची नोंद, एवढे कागद एकत्र असावेत. यांतील कार्यक्रमाची अंमलबजावणी आणि ऑडिटचे निष्कर्ष यांचा पुरावा जपून ठेवणे मानकानेच बंधनकारक केले आहे. बाकीचे कागद ते सिद्ध करण्यासाठी उपयोगी पडतात. ते संगणकावर ठेवले तरी चालतात, फक्त त्यांत कोणीही मागाहून फेरफार करू शकणार नाही अशी सोय हवी. ऑडिटचे निष्कर्ष कलम ९.३.२ नुसार व्यवस्थापन आढाव्याच्या विषयपत्रिकेवर येतात. तिथे नुसती एनसींची संख्या मांडू नये. कोणत्या एनसी पुन्हा आल्या, कोणत्या मुदतीनंतरही उघड्या आहेत आणि त्यासाठी वरिष्ठांकडून मनुष्यबळ किंवा पैसा लागणार आहे का, हे लेखी मांडावे आणि त्यावर झालेला निर्णय इतिवृत्तात उतरवून घ्यावा.